पायाखालची सरकती जमीन

दिवाळी अंकातल्या लेखाने वाचकाचे मन हलके करावे, असा एक संकेत आहे. फराळाचे ताट पुढ्यात असते, फटाक्यांचा धूर अजून खिडकीतून हटलेला नसतो, आणि अशा वेळी माणसाला चिवड्याइतकेच खुसखुशीत काहीतरी वाचायला हवे असते. मी मात्र या खेपेला अंमळ जड विषय घेतला आहे. जड म्हणजे अगदी शब्दशः जड: आपल्या महाराष्ट्राचा काळा कातळ! पण वाचकांनी घाबरून पान उलटू नये. हा दगड दिसतो तसा मठ्ठ नाही. तो हजारो मैलांचा प्रवास करून आला आहे, आणि तिकीट आरक्षित असूनही गाडी सुटेपर्यंत धास्तावणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या प्रवाशांनी त्याच्यापुढे नम्र व्हावे, असा त्याचा अधिकार आहे.

आपण मराठी माणसे दगडाविषयी फार भरवशाने बोलतो. ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणजे जी कधी पुसली जात नाही ती. ‘पायाखालची जमीन सरकली’ म्हणजे जे कधी घडू नये ते घडले. दिवाळीत मुले अंगणात, आणि अंगण नसेल तर जिन्याखाली, मातीचा किल्ला करतात, तोही या भरवशावर की खरे किल्ले जागचे हलत नाहीत. आता शास्त्रज्ञ म्हणतात की, बाबांनो, दगड खरा, रेघही खरी. पण जमीन सरकते. रोज सरकते. मागच्या लक्ष्मीपूजनापासून या लक्ष्मीपूजनापर्यंत आपण सारे, म्हणजे घरदार, रायगड, मंत्रालय आणि घरमालक यांच्यासकट, ईशान्येच्या दिशेने सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच पुढे गेलो आहोत. हे मी घरी सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, दोन इंच म्हणजे साडीचा काठ. तेवढ्याने काय होते?”

काय होते ते सांगण्यासाठीच मी वाचकांना सूर्यमाळला घेऊन जाणार आहे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा निघाला. त्याच्या पूर्वेच्या टोकाला, नाशिक जिल्ह्याला खेटून, मोखाडा तालुका आहे आणि त्यात हे उंचावरचे सूर्यमाळ. कसारा स्टेशनात उतरावे, विहीगावावरून खोडाळ्याचा रस्ता धरावा आणि वळणे मोजीत वर जावे. थंड हवेचे ठिकाण म्हणून हल्ली त्याचे नाव होऊ लागले आहे. पावसाळ्यात गेलात तर सगळे हिरवेगार दिसेल. उतारावर नागली आणि वरई, खाचरांत भात, आणि जिथे पाहाल तिथे पाणी. आम्ही गेलो ते मार्च अखेरीस. गवत पिवळे पडले होते, आणि पावसाळ्यात झाकलेले डोंगराचे हाड न् हाड उघडे दिसत होते.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. सहलीला लोक डबा घेतात, हे हातोडी घेतात. रस्त्याच्या कडेला एके ठिकाणी डोंगर कापलेला होता. त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि मला विचारले, “तुम्ही कुठल्या मजल्यावर राहता?”

“तुमच्याच खाली, पहिल्या,” मी म्हणालो.

“आत्ता तुम्ही त्याच्याही खाली आहात. तळमजल्याच्या आसपास.”

मग त्यांनी जे सांगितले ते असे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उसळून वाहू लागला. शंखाच्या आकाराचा, टोकातून धूर सोडणारा, चित्रातला ज्वालामुखी तो नव्हे. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरावे तसा तो पसरत गेला. एक थर पसरे, निवे, दगड होई. मधे काही काळ शांततेत जाई. त्यावर माती धरे, तळी साचत. आणि मग पुन्हा पुढचा थर. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर आहे. त्यांपैकी बहुतेक साऱ्या थरांचा खटाटोप दहा लाख वर्षांच्या आतबाहेर उरकला. तुम्हाआम्हाला दहा लाख वर्षे म्हणजे अनंतकाळ. भूगर्भशास्त्रज्ञाला ती दुपारची वामकुक्षी. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यापाशी एक मोठी अशनी आदळली आणि पृथ्वीवरचे डायनोसॉर नष्ट झाले. त्यांच्या मरणात आपल्या लाव्ह्याचा वाटा किती, याचा वाद पंडितांत अजून रंगतो.

१९८० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी या थरांची रासायनिक तपासणी करून त्यांना क्रमाने नावे दिली, आणि नावे दिली ती गावांची. घाटातील सगळ्यांत खालच्या थरसमूहाचे नाव आहे जव्हार! त्याच्यावर इगतपुरी, मग नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशी, पोलादपूर, आंबेनळी, आणि सर्वांत वरच्या मजल्यांवर महाबळेश्वर. हे सगळे थर एकाच डोंगरात एकावर एक मिळत नाहीत, कारण ते दक्षिणेकडे किंचित कलते आहेत. उत्तरेला तळाचे उघडे पडले, दक्षिणेला वरचे. महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी खात बसलेला पाहुणा त्या अर्थाने गच्चीवर असतो आणि मुकणे राजांचे जव्हार तळमजल्यावर. अमेरिकेतला किंवा इंग्लंडातला जो भूगर्भशास्त्रज्ञ दख्खनच्या खडकाचा अभ्यास करतो, त्याने जव्हारचा राजवाडा पाहिलेला नसेल, वारली चित्रेही पाहिलेली नसतील. पण जव्हार हे नाव त्याला ठाऊक असते. पहिल्या धड्यातच येते ते.

आता खरी गंमत पुढे आहे. हा तळमजला बांधला गेला तेव्हा ही इमारत मुळी या गल्लीत नव्हतीच.

कोणाला आणि कसे कळले हे? गोष्ट बरीच जुनी आहे. जगाचा नकाशा टांगलेल्या कोणत्याही वर्गात मागच्या बाकावरचा एखादा मुलगा कधी ना कधी म्हणतोच की, गुरुजी, दक्षिण अमेरिकेचा फुगवटा आफ्रिकेच्या खोबणीत बरोबर बसतो. ऑर्टेलियस या नकाशाकाराने तर १५९६ मध्येच हे लिहून ठेवले होते. पण या गोष्टीचा जन्मभर पिच्छा पुरवला तो आल्फ्रेड वेगेनर या जर्मन गृहस्थाने. धंद्याने तो हवामानशास्त्रज्ञ. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टच्या सभेत त्याने सांगितले की सगळी खंडे पूर्वी एकत्र होती आणि मग फुटून दूर गेली. १९१५ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले. त्याचे सासरे म्हणजे हवामानाच्या वर्गीकरणामुळे भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेले कोपेन. त्यांनीही जावईबापूंना या नसत्या उद्योगापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण जावई कोणत्याही देशातला असो, सासऱ्याचे तो कशाला ऐकतो?

वेगेनरवर विद्वानांनी झोड उठवली. त्यांचा मुख्य आक्षेप रास्तच होता: एवढी अवजड खंडे ढकलतो कोण? वेगेनरने सुचवलेली कारणे लंगडी होती. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तिथला खडक अतिशय संथपणे ढवळला जात असेल आणि त्यावर खंडे वाहून नेली जात असतील, ही कल्पना आर्थर होम्सने त्यानंतर मांडली. पण तिची कदर व्हायला आणखी तीस वर्षे लागली. वेगेनर ती पाहायला उरला नाही. नोव्हेंबर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात, आपल्या सहकाऱ्यांना रसद पोचवून परतताना, त्याला मरण आले. वय अवघे पन्नास.

आता यात आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध नावापासून आहे. दक्षिणेकडच्या त्या एकत्र महाखंडाला जगभर ‘गोंडवन’ म्हणतात. ते नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून घेतलेले आहे. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातल्या मेडलिकॉट यांनी मध्य भारतातल्या खडकांना ते १८७२ मध्ये दिले, आणि पुढे एदुआर्ट झ्यूस या ऑस्ट्रियन पंडिताने ते साऱ्या खंडालाच लावले. विदर्भातल्या वाचकांना आणखी सांगतो. कामठी-उमरेडच्या, चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणींतून जिभेच्या आकाराच्या एका पानाचे ठसे सापडतात. ग्लॉसॉप्टेरिस असे त्याचे नाव. तेच पान दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सापडते. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती १९१२ मध्ये बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे ३५ पौंड वजनाचे दगड होते. त्यांतही हेच पान निघाले. मरणाच्या दारातही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. आणि १८७५ मध्ये फेडन या सर्वेक्षकाला जुन्या चांदा जिल्ह्यात इरई येथे खडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आढळले. चंद्रपुरात हिमनदी! मे महिन्यात ज्याने चंद्रपूर पाहिले आहे तो ही थट्टाच समजेल. पण तीस कोटी वर्षांपूर्वी ती भूमी दक्षिण ध्रुवाच्या शेजाराला होती, एवढे मान्य केले की ओरखड्यांचा अर्थ लागतो. आपल्या बिरबल साहनींनी १९३६ मध्येच वेगेनरच्या सिद्धांताचा या वनस्पतींच्या पुराव्यावरून ऊहापोह केला होता.

तरीही पाने आणि ओरखडे यांनी सर्वांचे समाधान झाले नाही. समाधान केले ते आमच्या या काळ्या कातळाने, आणि तेही होकायंत्र होऊन!

ही युक्ती मला प्राध्यापकांनी सूर्यमाळच्या त्या कापलेल्या डोंगरापाशी उभे राहून समजावली. ती जशीच्या तशी देतो. लाव्ह्यात लोहाचे बारीक चुंबकी कण असतात. लाव्हा तप्त असतो तोवर त्यांना दिशा नसते. तो निवून दगड झाला आणि आणखी थंड होऊ लागला की या कणांचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकाच्या दिशेने लागते आणि दगडात तसेच थिजून राहते. आता, चुंबकसुई नुसती उत्तर दाखवत नाही. तिला मोकळी टांगली तर ती तिरपीही होते. विषुववृत्तापाशी ती आडवी राहते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तरटोक जमिनीकडे झुकते, दक्षिण गोलार्धात ते आकाशाकडे उचलले जाते. आणि ध्रुवाकडे जावे तसतसा हा कल वाढत जातो. म्हणजे दगडातल्या सुईचा कल मोजला की दगड जन्मला त्या जागेचा अक्षांश कळतो. जन्मदाखलाच म्हणा ना! कधी हरवत नाही, खोटा करता येत नाही आणि त्यासाठी कचेरीत खेटेही घालावे लागत नाहीत.

१९५० नंतरच्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मंडळींनी दख्खनच्या कातळाचे असे दाखले तपासले. आपल्या मुंबईतही, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे या त्रयीने हेच काम केले आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. काही थरांत सुईचे तोंड उत्तरेकडे, पण टोक आकाशाकडे उचललेले. बाकीच्या थरांत नेमके याच्या उलट, कारण पृथ्वीचे चुंबकच अधूनमधून उलटसुलट होत असते. दोहोंचा अर्थ एकच: हा लाव्हा निवला तेव्हा महाराष्ट्र विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ३० अंशांवर होता. एवढेच नव्हे, तर सुईचे तोंड थोडे पश्चिमेकडे वळलेले होते. म्हणजे वाटेत या भूमीने अंगही थोडे फिरवले.

आता हिशेब करू. तीस अंश दक्षिण ते वीस अंश उत्तर म्हणजे पन्नास अंश. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले तर साडेपाच हजार किलोमीटर. याला ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागा. सरासरी वर्षाला आठ सेंटिमीटरच्या वर जाते. सुरुवातीला वेग याच्या जवळजवळ दुप्पट होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आपण आशिया खंडावर जाऊन आदळलो, हिमालय वर उचलला आणि मग चाल मंदावली. आज ५ सेंटिमीटर उरली आहे. आपली नखे साधारण याच गतीने वाढतात. सत्तरी गाठलेल्या आजोबांच्या आयुष्यात त्यांचे घर साडेतीन मीटर, म्हणजे चाळीतल्या एका खोलीएवढे, सरकलेले असते. तेव्हा दोन इंचांनी काय होते, या सौ.च्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. साडीचे काठ सहा-साडेसहा कोटी वेळा एकापुढे एक जोडले की त्यांतून हिंदी महासागर ओलांडला जातो, आणि पुढे हिमालयाची घडी पडते.

हिंदी महासागराचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. समुद्राच्या तळाशी भेग पडून तिथे नवी जमीन तयार होते आणि दोहो बाजूंना सरकत जाते, असे हेस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडले. याचा पुरावा व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये पुढे आणला, तो या आपल्या बाजूच्याच समुद्रातला. भारत आणि आफ्रिका यांच्यामध्ये पाण्याखाली कार्ल्सबर्ग नावाची एक पर्वतरांग आहे. तिच्या दोहो अंगांना खडकाचे सुलटे आणि उलटे चुंबकी पट्टे सापडले, जणू दुतर्फा काढलेली एकसारखी रांगोळी. ही रांग शोधणाऱ्या डॅनिश मोहिमेला बिअरच्या कारखान्याच्या प्रतिष्ठानाने पैसा पुरवला होता. त्यावरून तिचे नाव पडले. पत्नीसमोर बिअरची स्तुती करण्याचे यासारखे शास्त्रशुद्ध निमित्त दुसरे नाही.

या प्रवासात आपण एकटे नव्हतो. मादागास्कर सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी आपल्यापासून सुटले. सेशेल्स बेटे मात्र लाव्ह्याच्या पुरानंतर लवकरच मागे राहिली. आपला पश्चिम किनारा म्हणजे ती तुटल्याचा काठ होय. पनवेलच्या बाजूला थर समुद्राकडे वाकलेले दिसतात ते त्या ताणाताणीमुळे. ज्या तप्त जागेवरून हा लाव्हा उसळला, ती अजून जिवंत आहे. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस अशी तिची पावले उमटत गेली आणि आज ती रीयुनियन बेटाखाली धुमसते आहे. आणि ताटातुटीची साक्ष द्यायला एक बेडूकही आहे! २००३ मध्ये केरळच्या घाटात जांभळा, फुगलेला, टोकदार नाकाचा एक बेडूक शास्त्राला नव्याने कळला. ‘नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस’ हे त्याचे नाव. नासिका म्हणजे आपले नाकच. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो. त्याचे सर्वांत जवळचे भाऊबंद भारतात नाहीत, ते सेशेल्समध्ये आहेत. बेडकाला खारा समुद्र पोहून जाता येत नाही. तेव्हा जमीनच दुभंगली आणि घराण्याची वाटणी झाली, हे उघड आहे.

हे सगळे ऐकून माझी छाती अभिमानाने फुगली होती. सूर्यमाळच्या एका पाड्यावर विहिरीच्या काठी एक म्हातारेबाबा बसले होते, त्यांच्यापाशी मी ही विद्या ओतायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. शेजारी हंडे रांगेत लावलेले होते. विहिरीत वाकून पाहिले तर तळाशी परातभर पाणी.

“ही जमीन लांबून आली आहे, बाबा. समुद्रापलीकडून,” मी म्हणालो.

“आली आसंल,” बाबा म्हणाले. “आमी हितं वीस हात खणलं. खाली नुसता काळा पत्थर. तुमच्या शास्तरात पाणी कुठं थांबतं ते लिवलंय का, भाऊ?”

मी प्राध्यापकांकडे पाहिले. ते मात्र चटकन बाबांच्या शेजारी खाली बसले, आणि दोघांचे जे बोलणे सुरू झाले त्यात पुढचा अर्धा तास माझी कोणाला आठवण उरली नाही.

मोखाड्यात पाऊस काही कमी पडत नाही. वर्षाला शंभर इंचांच्या आसपास, कधी त्याहून पुष्कळ अधिक. मुंबईकर ज्या पावसाची तक्रार करतात त्याच्या तोडीचा तो असतो. तरी होळीनंतर पाड्यांवरचे झरे आटतात, बायाबापड्या हंड्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात-उतरतात आणि उन्हाळ्यात कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. याचे एक मोठे कारण पायाखालच्या दगडातच आहे. निवलेल्या लाव्ह्याचा अखंड काळा थर पाणी धरत नाही. पाणी धरतो तो त्याच्यावरचा मुरूम, तडे गेलेला खडक, आणि बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या सांध्यावर कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो. वरून झिरपलेले पाणी तिथे अडते आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येते. त्या झऱ्याच्या वरच्या अंगाला चर खणले, झाडे राखली, ओढ्यांना लहान बांध घातले आणि झऱ्याच्या मुखाशी टाकी बांधली, तर पाणी आणखी काही आठवडे टिकते. चुकीच्या जागी वीस हात खणले तर घाम तेवढा गळतो.

प्राध्यापकांनी समोरच्या डोंगरावरचा एक तांबूस पट्टा बोटाने दाखवला. बाबा हसले. म्हणाले, “तिथं व्हय? तिथं आमचं जुनं पाणी व्हतं. म्हातारी मानसं तिथंच जायाची. मग वरचं रान तुटलं.” म्हणजे ज्या सांध्याचा शोध शास्त्राने नकाशे काढून लावला, तो या माणसांच्या आजीला कमरेवरच्या कळशीमुळे ठाऊक होता. शास्त्र आणि अनुभव यांची अशी गाठ पडलेली मी प्रथमच पाहिली. प्राध्यापकांनी वहीत त्या जागेची खूण करून घेतली. भूजल खात्यातल्या आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला पत्र घालायचे त्यांनी तिथेच कबूल केले. पत्र त्यांनी घातले, हे मी पाहिले आहे. तिथे काय होते ते या पावसाळ्यानंतरच कळेल.

मग मोखाड्यावर पडणारा एवढा पाऊस जातो तरी कुठे? बराचसा धो धो करीत वैतरणेत जातो. आणि वैतरणेवर धरणे आहेत: १९५७ चे मोडकसागर, १९७३ चे अप्पर वैतरणा, आणि अलीकडच्या काळात त्यांना येऊन मिळालेले मध्य वैतरणा. या धरणांचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला येते. मुंबईला पाणी मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. त्या पाण्यावर माझाही संसार झाला आहे. पण धरणाच्या वरच्या डोंगरावर राहणाऱ्याला घोटभर मिळावे, हेही कोणी नाकारणार नाही. मुंबईच्या मानाने त्याची गरज किती थोडी!

आणखी एक सरकणे आहे, त्याचा वेग मात्र वर्षाला पाच सेंटिमीटर नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे दिवाळी झाली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. बरोबर मुलेही जातात. त्यांची शाळा अर्धी राहते. आपल्याकडे दिवाळीनंतर शाळा उघडतात, तिथे पाडे रिकामे होतात. भूखंडांना ढकलणारी शक्ती शोधायला शास्त्राला पन्नास वर्षे लागली. या माणसांना ढकलणारी शक्ती शोधायला काही वेधशाळा लागत नाही. पोटाला काम आणि उशाला पाणी नाही, एवढेच ते कारण.

सरकत्या जमिनीचे कौतुक करताना तिचा धाकही विसरता कामा नये. भारताच्या या वाटचालीचा ताण कवचात साठलेला असतोच. ११ डिसेंबर १९६७ ची कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी अनेक घरांनी अजून विसरलेली नाही. किल्लारीला दगड-मातीच्या जड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पालघर जिल्ह्यातच डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. जमीन सरकायची थांबवणे आपल्या हाती नाही. भिंत नीट बांधणे आहे.

असो. फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांना मी फार दूर नेले, याची जाणीव आहे. तेव्हा दोनच विनंत्या करून आवरतो. एक मुलांसाठी. सुट्टीत घाटातून गाडी जाईल तेव्हा खिडकीतून डोंगराच्या पायऱ्या मोजा. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एखादा जुना पूर. ‘ट्रॅप’ हे या खडकाचे नावच मुळी पायरीवरून पडले आहे. आणि नकाशात दोन खंडे एकमेकांत बसतात असे तुमच्यापैकी कोणी म्हणाले, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी हसू नये. वेगेनरला हसणारे पुष्कळ होते. आज त्यांची नावे कोणाला आठवत नाहीत.

दुसरी विनंती मोठ्यांना, विशेषतः मुंबईकरांना. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून न्हाणीघरात बसाल, नळ सोडाल आणि ऊन पाण्याचा तांब्या डोक्यावर ओताल, तेव्हा त्यातले काही पाणी त्या कातळावरून वाहून आलेले असेल, एवढे ध्यानात असू द्या. तिथल्या झऱ्यांसाठी आणि टाक्यांसाठी कोणी विश्वासू माणूस वर्गणी मागायला दारी आला, तर फटाक्यांच्या यादीतली एक ओळ खोडून त्याच्या हाती ठेवा. पुढच्या दिवाळीपर्यंत आपण सारे आणखी दोन इंच पुढे गेलेले असू. सूर्यमाळही आपल्याबरोबरच येणार आहे. तिथली माणसे तेवढी मागे राहू नयेत.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा.